सांगतो तेवढंच लिही

एप्रिल उजाडला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टींनी डोळ्यांतून पाणी येतं. एक परीक्षा आणि दुसरी मिरची. वर्षाची चटणी करायला बायका सकाळपासून पिशव्या घेऊन डंकापुढं, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीपुढं, रांग लावतात, आत कुटणं सुरू होतं आणि अख्खी गल्ली शिंकत सुटते. अभ्यासाची पोरं पुस्तक घेऊन गच्चीवर पळतात, तर ठसका त्यांच्या आधी जिना चढून गेलेला असतो. माझ्या डोक्यात या दोन्हींची अशी गाठ बसली आहे की परवा कायद्याच्या परीक्षेला सुपरव्हिजन करताना खिडकीतून मिरचीचा वास आला आणि पेपर जणू मलाच द्यायचा आहे, असं वाटून मी पेनाचं टोपण काढलं.

परवाची ड्यूटी मला बाजूच्या एका छोट्या खोलीत होती. खोलीत दोनच माणसं. दृष्टी नसलेला एक विद्यार्थी आणि त्याची लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहिणारी मुलगी. तो सावकाश सांगत होता, ती भराभर लिहीत होती. मधेच तिचं पेन थांबलं. कपाळाला बारीकशी आठी पडली. मी खुर्चीतून उठले, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "ते सांगतायत तेवढंच लिही." ती दचकली. बिचारीच्या मनात काही नसेलही, कदाचित शब्द नीट ऐकू आला नसेल. पण मी त्या खुर्चीत एकदा बसलेली बाई आहे. थांबलेल्या पेनावर माझा विश्वास नाही.

नव्वदचं दशक तेव्हा सरत आलं होतं. बारावी पास होऊन मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बसले होते. स्थळं बघणं चालू होतं, म्हणजे स्थळं येत होती, मला बघत होती आणि चहा-पोहे खाऊन जात होती. आबांच्या परसात चार म्हशी आणि घरोघरी दुधाचा रतीब. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहणारे एक गृहस्थ आमच्याकडून दूध न्यायचे. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणत, कारण त्यांची भाची त्यांच्याकडे शिकायला होती. एका सकाळी ते दुधाची किटली खाली ठेवून आबांना म्हणाले, "तुमची नंदा लिहायला बरी हाय न्हवं? आमच्या वैशीला परीक्षेला रायटर पायजे. शेवटचं वरीस हाय तिचं."

"लिहाय बरी हाय," आबा म्हणाले. "बोलाय त्याहून बरी हाय. तेवढं तोंड बंद ठिवाय सांगा."

लेखनिकाचा नियम असा होता की त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं आणि तो विषय त्यानं शिकलेला नसावा. कमी शिक्षण ही माझी पात्रता ठरण्याची आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची वेळ.

वैशाली सव्वीस वर्षांची होती, कुरुंदवाडची. सातव्या वर्षी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. अंधशाळा, मग बी. ए., मग कायदा. पहिल्या दिवशी माझ्या आवाजाच्या रोखानं वळून ती म्हणाली, "तूच व्हय नंदा? आवाज बारीक हाय गं तुझा. वाचताना जरा चढवत जा, मागं म्हशी हायत." आमच्याकडे पोरीबाळीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तशीच तीही बोलायची. पुस्तकातलं वाक्य आलं की मात्र एकदम कडक इस्त्रीचं मराठी. त्याच दिवशी तिनं अट घातली, "परीक्षेत मी सांगतो तेवढंच लिहायचं. डोक्याचं मी बघतो, तू हाताचं बघ." मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातंय!

डिसेंबरपासून माझं वाचन सुरू झालं. मामांकडं एक टेपरेकॉर्डर होता. कोरी कॅसेट परवडायची नाही म्हणून ते जुन्या बाजारातून गाण्यांच्या वापरलेल्या कॅसेट आणायचे. कॅसेटच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की जुन्या गाण्यावर नवं रेकॉर्ड करता येतं. दुपारी आमच्या परसदारी बसून मी मानवी हक्कांच्या जाड पुस्तकातलं एकेक प्रकरण मोठ्यानं वाचायची आणि ते त्या कॅसेटवर उतरायचं. माझं वाचन संपलं तरी कॅसेट संपायची नाही, त्यामुळं समतेचा हक्क आटोपला की लगेच ढोलकी वाजायला लागायची. ती म्हणायची, "हे बरं हाय. हक्क मिळाला की नाचायचं."

तिची लक्षात ठेवायची तऱ्हा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. कॅसेटवर माझ्या वाचनाबरोबर आमचं सगळं घर उतरलेलं असायचं आणि ती कलमं त्या आवाजांना बांधून ठेवायची. मी विचारायची, "कलम चौदा?" ती म्हणायची, "तुझी आई भांडी घासती तिथं. कायद्यापुढं समानता." "एकवीस?" "म्हस वरडली. जीविताचा हक्क." एकदा मी विचारलं, "सतरा?" कलम सतरा म्हणजे अस्पृश्यता नष्ट केल्याचं कलम. ती म्हणाली, "तिथं कसला आवाज न्हाय. तिथं तुझाच आवाज खाली गेलता. त्याच्यानंच ध्यानात ऱ्हायलं."

आवाज खाली गेला होता हे मला ठाऊक होतं, आणि का, तेही. आई आत स्वयंपाकघरात होती. पहिल्या दिवशी आईनं वैशालीला विचारलं होतं, "पै-पाव्हणं कुठलं तुमचं?" आमच्याकडे जात विचारायची ही सभ्य पद्धत. वैशालीनं लपवाछपवी न करता सांगितलं, "कांबळे. बौद्ध आहोत आम्ही." आई "असूं दे की" म्हणाली आणि चहा केला. रोज करायची. आईच्या मनात दुष्टावा नव्हता, असं मी स्वतःला सांगायची. पण वैशाली बोटांनी बघायची. महिन्याभरानं ती मला हळूच म्हणाली, "ह्या कपाचा कान मोडलाय बघ. रोज ह्योच असतोय."

मी तापट. दुसऱ्या दिवशी तो कप उचलला आणि न्हाणीच्या दगडावर आपटून फोडला. आईला सांगितलं, हातातून सुटला. त्या दिवसापासून चहा घरातल्या स्टीलच्या पेल्यातून आला. लढाई जिंकल्यासारखं मी वैशालीला सांगितलं, तर ती म्हणाली, "फोडलास व्हय? मला इचारलं असतंस तर मीच बोललो असतो त्यांच्यासंगं. शब्द तयार हुते माझे." मला वाटलं, काय बाई आहे, हिच्यासाठी करावं तर हिलाच कौतुक नाही.

पुस्तकात एक मोठा भाग होता, 'दुर्बल घटकांचे संरक्षण'. स्त्रिया, बालके, वृद्ध, अपंग, अनुसूचित जाती अशी एकेक प्रकरणं. मी अनुक्रमणिका वाचून दाखवली आणि ती खो खो हसली. "नंदे, ह्या यादीत मी एकटी तीन जागी हाय. बालक आता हुणार न्हाय, म्हातारी तेवढी व्हायची ऱ्हायलीया." मला मात्र ते शीर्षक फार आवडायचं. संरक्षण म्हटलं की मला कुणीतरी भक्कम माणूस दारात उभं राहिलेलं दिसायचं, आणि खरं सांगायचं तर ते माणूस मीच असायची. दारात उभा राहिलेला माणूस आतल्याची वाटही अडवू शकतो हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. असेल, पण माझ्या वाचण्यात आलं नव्हतं.

तिच्या वर्गातला एक जण जाता-येता म्हणायचा, "आंधळ्यांचं बरं असतं, रायटर हुशार मिळाला की झालं." तो हे तिच्यासमोर म्हणायचा, ऐकू येत नसल्यासारखं. ती उत्तर द्यायची नाही. मला एकदा म्हणाली, "मी वकील झालो तर लोक म्हणणार दयेनं झाली. एवढं एक म्हणता येऊ नये, बघ. पास हुईन न्हाय तर नापास हुईन, पण माझं मी." तिला काय हवं होतं ते तिनं इतकं उघड करून सांगितलं होतं. मी मान हलवली. तिला ती दिसणार नाही हेही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

आता गुळाचं सांगायला हवं. मार्चमध्ये ताज्या गुळाची ढेप घरात आली होती आणि वाचताना शेंगदाणे-गूळ खायची मला सवय. चिकट हातांनी पानं उलटत होते. स्त्रियांच्या कराराचं प्रकरण चालू होतं. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्यासाठी देशादेशांनी केलेला करार. पानाच्या शेवटी वाक्य होतं, "या कराराचा मूलभूत आधार म्हणजे". मी पान उलटलं आणि वाचत गेले, "सर्वोत्तम हित होय, निर्णय घेताना राज्याने प्रथम त्याचाच विचार केला पाहिजे." वाक्य बरोबर जुळलं. तेवढ्यात म्हशीनं दावं तोडलं म्हणून मी तिच्यामागं धावले, परत येऊन पुढं वाचलं आणि कॅसेट देऊन टाकली.

परीक्षेच्या आठवडाभर आधी ते पुस्तक मी पुन्हा उघडलं, या खेपेस स्वतःसाठी. एव्हाना मला त्याची गोडी लागली होती. नखाला काहीतरी चिकट लागलं आणि दोन पानं चर्रकन सुटी झाली. मधल्या पानांवर स्त्रियांचा करार होता. त्याचा मूलभूत आधार होता स्त्री-पुरुष समानता. 'सर्वोत्तम हित' हे पुढच्या प्रकरणातलं, बालहक्क करारातलं. मी बाईच्या धडाला लहान मुलाचं डोकं जोडून वैशालीच्या कानात घातलं होतं, आणि ती ते वीसदा ऐकून बसली होती.

तेव्हाच उठून तिच्याकडे जायला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही. ती सगळ्यांना सांगायची, "आमच्या नंदीच्या वाचनात एक चूक सापडायची न्हाय." ते ऐकायला मला फार बरं वाटायचं. म्हटलं, एवढे प्रश्न आहेत, हाच कशाला येतोय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आला. पेपरातला दुसऱ्याच क्रमांकाचा प्रश्न तोच. आम्हाला खेळाच्या सामानाची खोली दिली होती. भिंतीला कॅरमबोर्ड टेकवलेले, कोपऱ्यात भालाफेकीचे भाले, आणि मध्ये एका बाकावर आम्ही दोघी. मी स्त्रियांच्या करारावरचा तो प्रश्न वाचून दाखवला. ती मान किंचित वर करून सांगू लागली, "या कराराचा मूलभूत आधार म्हणजे स्त्रीचे सर्वोत्तम हित होय." माझं पेन थांबलं. मी लिहिलं, 'स्त्री-पुरुष समानता होय.' पुढच्या चार ओळीही त्याला जुळतील अशा करून टाकल्या. तिनं विचारलं, "वेळ लागला गं?" मी म्हणाले, "पेन अडलं."

परतताना ती नेहमीसारखी माझं कोपर धरून चालत होती. खासबाग मैदानापाशी आलो, तेव्हा माझ्या पोटात ते राहीना. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "ताई, आज तुझे आठ मार्क वाचवले मी." कसे वाचवले तेही सांगितलं. ती थांबली.

"मी चुकलो ते तुला कसं कळलं? तू तर कायदा शिकली न्हाईस."

मग गुळाचं सांगावं लागलं. चिकटलेली पानं, आठवड्यापूर्वी कळलेलं, सगळं. रस्त्यात ऊन रणरणत होतं. ती ऐकत राहिली आणि मग माझं कोपर सोडलं.

"म्हंजे चूक तुझी. मी ती माझी समजून सांगितली. आणि परत तूच ती पुसलीस. मग नंदे, त्या पेपरात मी हुतो कुठं?"

"तुझ्या चांगल्यासाठीच केलं की गं मी."

"व्हय. माझं हित बघितलंस." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "पोरांच्या करारात बी पुढं लिहिलंय, पोराचं मत इचारा म्हणून. तूच वाचून दावलंयस ते. मी काय पोरापेक्षा ल्हान हाय व्हय?"

काठी पुढं करून ती एकटी निघाली. डंकाच्या ठसक्यापाशी डावीकडं वळली, पत्र्याच्या दुकानाच्या ठोकाठोकीपाशी रस्ता ओलांडला. मी दहा पावलं मागं. वाटेत दोघांनी तिला हात देऊ केला, तिनं दोघांना "नको पावणं" म्हटलं. मला तेव्हा तिचा राग आला होता हे मी लपवत नाही. एवढं काय झालं, असं वाटत होतं. घरी येऊन जेवले आणि झोपले, आणि जाग आली ती लाज घेऊनच. तिचे मार्क मी वाचवलेच नव्हते. मी माझी अब्रू वाचवली होती, तिच्या उत्तरपत्रिकेत बसून.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. सकाळी तिनं मला बोलावलं. वाटलं होतं, हाकलून देईल. ती म्हणाली, "कागद-पेन घे. अर्ज लिहायचाय." मामा कोपऱ्यात बसून होते. त्यांना तिनं सगळं सांगितलं असावं, कारण ते परत परत एकच म्हणत होते, "वैशे, सगळी परीक्षा रद्द केली तर? तीन वर्सं जातील. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"रद्द केली तर परत देईन," ती म्हणाली आणि सांगू लागली.

"माननीय केंद्रप्रमुख यांस. काल झालेल्या पेपरात माझ्या लेखनिकेने माझ्या संमतीशिवाय एका उत्तरात बदल केला."

माझं पेन थांबलं. 'संमतीशिवाय'च्या जागी 'नजरचुकीने' लिहिलं असतं, तर तिला कधीच कळलं नसतं. खोलीत तो कागद वाचू शकणारे मामा होते, पण ते डोकं धरून बसले होते. ती थांबून राहिली. तिनं 'लिहिलंस का?' असंही विचारलं नाही. बाहेर डंक चालूच होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला मला ते एक निमित्त होतं. मी लिहिलं, 'माझ्या संमतीशिवाय.'

"मी सांगितलेले उत्तर चूक होते. तिने लिहिलेले उत्तर बरोबर आहे. परंतु ते माझे नाही. त्याचे गुण मला देऊ नयेत."

मी म्हणाले, "गुळाचं लिहू का? तुझी चूक नव्हती एवढं तरी कळेल त्यांना."

"सांगतो तेवढंच लिही. ऐकलेलं मी मानलं, त्यावर इचार केला न्हाई, तेवढी चूक माझीच. बाईचं हित दुसऱ्यानं ठरवायचं, असलं बायकांच्या करारात असंल व्हय? मला खटकायला पायजे हुतं." मग म्हणाली, "वाच." मी वाचून दाखवलं. तिनं पुठ्ठ्याची खाच पाडलेली पट्टी कागदावर ठेवली, मी तिचं बोट जागेवर नेलं आणि खाचेच्या आत तिनं सही केली. अंगठा ती कधीच उठवायची नाही.

केंद्रप्रमुख सरांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, कॉपी करून नाही म्हणणारे मी रोज बघतो. हे काय आणलंयत?" त्यांनी विद्यापीठाला फोन केला, बराच वेळ बोलले. निर्णय असा झाला की त्या एका पेपरचे गुण धरायचे नाहीत, तो ऑक्टोबरला पुन्हा द्यायचा आणि तेव्हा लेखनिक दुसरा हवा. बाकीचे पेपर चालू ठेवायला हरकत नव्हती. "पण उद्या लिहायला कोण?" सरांनी विचारलं. "हिला मी कशी बसू देऊ?"

"हीच बसंल," वैशाली म्हणाली.

"अहो, हिनंच तर..."

"सर, हिनं तो अर्ज लिहिलाय. स्वतःचा गुन्हा स्वतःच्या हातानं, मी सांगितला तसा. कान्याचा फरक केला न्हाई. आता माझ्यासाठी हिच्यापेक्षा खात्रीचा हात कुठला आणू?"

मी खाली बघत उभी होते. अर्जात कान्याचाही फरक नाही हे तिला कसं माहीत? माहीत नव्हतंच. ती तसं धरून चालली होती. आयुष्यात पुढं माझ्यावर लोकांनी पुष्कळ विश्वास टाकला, अशिलांनी टाकला, विद्यार्थ्यांनी टाकला, पण इतका मोठा ऐवज पुन्हा कुणी हातात दिला नाही. सरांनी आमच्या बाकाशेजारी एक सुपरवायझर बाई कायम बसवून ठेवल्या आणि उरलेले दोन पेपर माझ्याच हातानं झाले. त्यातल्या एकात ती एक तारीख चुकली. मला बरोबर तारीख माहीत होती. मी तिची लिहिली. ती लिहिताना हात जड झाला होता, पण लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मला हसूच आलं, आणि सुपरवायझर बाईंनी डोळे वटारले.

आज मी तोच पेपर शिकवते. 'दुर्बल घटकांचे संरक्षण' हे शीर्षक फळ्यावर लिहिते, तेव्हा पोरं वहीत उतरवून घेतात. त्यांना मी करार सांगते, कलमं सांगते, वर्षं सांगते. पण वर्गात एक तरी मुलगा किंवा मुलगी अशी असतेच, की जिचे डोळे 'संरक्षण' म्हटल्यावर चमकतात. चांगली असतात ही मुलं. गल्लीत भांडण लागलं तर मध्ये पडणारी, कप फोडणारी. त्यांच्याकडे बघून मला माया येते आणि भीतीही वाटते. मी त्यांना सांगते, कायदा पाठ करायला एक वर्ष पुरतं. समोरच्याला विचारायला शिकायला मला एक अख्खा उन्हाळा लागला, आणि त्याची किंमत दुसरीनं मोजली.

कोर्टात वैशालीचं टेबल आता जुन्या झाडाखालून आतल्या खोलीत गेलं आहे. तिच्याकडे बायका येतात, जमिनीवरून हुसकलेली माणसं येतात, कुबड्या टेकत येणारे येतात. प्रत्येकाला ती पहिला प्रश्न एकच करते, "तुमचं काय म्हणणं हाय?" त्यावर माणसं गडबडतात. हा प्रश्न त्यांना सहसा कुणी विचारलेला नसतो. मग कुणी लाजत, कुणी रडत, कुणी वैतागत सांगायला लागतं. ती पूर्ण ऐकते. मधे कुणी बोललं तर टेबलावर बोट आपटते. मी शेजारी असले की बहुतेक ते बोट माझ्यासाठीच असतं.

परीक्षेनंतरच्या त्या जूनमध्ये तिनंच मला कायद्याला प्रवेश घ्यायला लावला. म्हणाली, "आता तुला रायटर म्हणून बंदीच हाय. बरं झालं. शिकायला आडवं कोण न्हाय." आबा म्हशीच्या पाठीवर पाणी मारता मारता म्हणाले, "स्थळं पळवायला हिचं तोंड पुरत हुतंच. आता सर्टिफिकेट बी घे म्हणावं."

ऑक्टोबरला तिच्यासाठी लिहायला बसल्या मालूताई. आमच्याच गल्लीत परकर-पोलकी शिवणाऱ्या, दहावीला शाळा सोडलेल्या. अक्षर टाक्यासारखं सरळ आणि वेगही टाक्याचाच. त्या घाबरून म्हणत होत्या, "बाई, मला ह्यातलं काय सुदीक कळत न्हाय." वैशाली त्यांना धीर देत होती, "म्हणूनच तर तुमच्याकडं आलो, मालूताई." त्या पेपरचा निकाल पुढं लागला. ती पास झाली, काठावर. पण तो निकाल मला फारसा आठवत नाही.

आठवते ती ऑक्टोबरची दुपार. पाऊस जाऊन ऊन चढलेलं, आणि मी कॉलेजच्या आवारात भिंतीला पाठ लावून उभी. त्या खोलीत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. काही करता येत नव्हतं. तीन तास आणि लेखनिक असला की मिळणारा वरचा अर्धा तास. मालूताईंना करारासाठीचा 'अभिसंधी' हा पुस्तकी शब्द लिहिता येईल का, त्या सावकाश लिहितात, वेळ पुरेल का, तो प्रश्न पुन्हा आला असेल का. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं लिहीत होते आणि एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मला आयुष्यात इतकं अवघड काही वाटलं नव्हतं.

घंटा झाली. दोघी बाहेर आल्या. मालूताईंची बोटं शाईनं भरलेली, चेहरा घामानं डबडबलेला. वैशाली काठी टेकत पायऱ्या उतरली. मी धावत पुढं गेले, हात पुढं केला आणि आखडता घेतला. तिला माझी चाल ओळखू आली असावी. तिनंच हात पुढं करून माझं कोपर शोधलं, एप्रिलनंतर पहिल्यांदा.

"कसा गेला?" मी विचारलं.

ती हसत होती. अख्खा चेहरा हसत होता.

"दोन चुका झाल्या, नंदे," ती म्हणाली. "दोन्ही माझ्या."